दोन बोटं

रस्ता आमच्या दारापर्यंत आला तेव्हा माझा आणि माझ्या नवऱ्याचा अबोला चालू होता. हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात रस्त्याचा वाटा किती आणि अबोल्याचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रस्ता काही लहानसहान नव्हता. वरच्या टोकाच्या प्रांतातून निघून समुद्राच्या कडेकडेने चार प्रांत ओलांडत जाणारा. वळणावर त्याचा मोठा फलक लावला होता. निळा समुद्र, पिवळा रस्ता आणि चार रंगांचे चार प्रांत. आमचं गाव त्यात कुठे असेल म्हणून मी बोट फिरवत शोधलं, तर बरोबर त्या जागी फलकाचा खिळा ठोकलेला होता.

आमचं घर दोन खोल्यांचं. मागे स्वयंपाकाची पडवी, पुढे अंगण. अंगण कसलं, बोटींचा कारखानाच. माझे सासरे लाकडी बोटी बांधतात. मी त्यांना मामा म्हणते, गाव मिस्त्री म्हणतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकोणतीस बोटी बांधल्या आणि एकोणतीसही बोटी आमच्या अंगणातून थेट पाण्यात गेल्या. अंगणापासून समुद्र साठ पावलांवर. बोट तयार झाली की खाली गोल ओंडके टाकायचे, वीस माणसं लावायची आणि आरडाओरडा करत ढकलत न्यायची. रस्ता नेमका त्या साठ पावलांच्या मधून जाणार होता.

त्या वेळी अंगणात तिसावी बोट उभी होती. तांडेलाने सांगितलेली. तांडेल म्हणजे बोटीवरच्या माणसांचा म्होरक्या, मामांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या बापाची बोटही मामांनीच बांधली होती. मामांचा उजवा खांदा वर जाईनासा झाला होता आणि बारीक भोक पाडायचं म्हटलं की ते मला हाक मारायचे, "सूनबाई, जरा तुझे डोळे दे." ही शेवटची, असं ते म्हणाले नव्हते. पण करवत धार लावून आणताना त्यांनी दुसरी जुनी करवत तशीच गंजत ठेवली, त्यावरून मी काय ते समजले.

बोटीचं काम मला आवडतं. फळी वाकवायची असली की तिच्यावर ओली पोती टाकायची, खालून बेताचा जाळ करायचा आणि लाकूड नरम पडेपर्यंत बसून राहायचं. मग मामा एका टोकाला लोंबकळायचे आणि मी दुसऱ्या टोकाला. फळी कुरकुरत बोटीच्या बरगड्यांना जाऊन भिडली की मामा पटकन खिळा मारायचे. फटी बुजवायचं काम माझं. काथ्या कुटायचा, तेलात आणि राळेत भिजवायचा आणि बोथट पटाशीने फटीत ठासायचा. लोक नुसत्या तोंडाने काथ्याकूट करतात, मी हाताने करते. माझी नखं कायमची काळी झाली आहेत.

माझे हे दहा वर्षं मामांच्या हाताखाली लाकूड तासायचा वाकस चालवत होते. मग रस्त्याचं काम निघालं आणि हे तिकडे मुकादम म्हणून लागले. डोक्यावर पिवळं टोपडं, खिशात पोलादी टेप, पायात बूट. बुटांचं मला काही नव्हतं. पण एक दिवस जेवताना म्हणाले, "इथलं काम संपलं की रस्ता पुढच्या प्रांतात जाणार. साहेब मला कायम घेतायत. आपणही जाऊ."

"आणि मामा?"

"बाबांनाही नेऊ."

"मामा कुठे जाणार? आणि रस्ता जाईल तिकडे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं का?"

"तुला इथला राळेचा वासच हवा असेल तर राहा इथे."

मी ताट उचललं. त्यात अजून त्यांचं अर्धं जेवण होतं. तिथून अबोला सुरू झाला.

आमच्या अबोल्याला नियम होते. एकमेकांशी बोलायचं नाही, पण मामांशी बोलायचं आणि दुसऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचं. "मामा, पाणी तापलंय म्हणावं." "बाबा, माझा सदरा कुठे ठेवलाय ते विचारा." मामा दोघांकडे आळीपाळीने बघायचे. सहाव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "मी काय टपालखातं उघडलंय?" पण निरोप मात्र ते पोचवत राहिले.

अकराव्या दिवशी सकाळी हे चहाला उकिडवे बसले आणि मामांना म्हणाले, "बाबा, आपल्या दारासमोर रस्त्याचा बांध दोन पुरुष उंच होणार. वर कठडे येणार. मी साहेबांना सांगितलं, आमच्या अंगणातून बोट निघते, तिला वाट पाहिजे. तर ते बांधाखालून मोठी आरपार मोरी ठेवायला तयार झालेत. बोट खालून काढायची."

मामांचा चेहरा उजळला. गेले कित्येक दिवस ते रस्त्यासाठी अंगणापुढे ठोकलेल्या लाल खुंट्यांकडे बघून गप्प व्हायचे. "बरं केलंस," ते म्हणाले. "साहेब भला माणूस दिसतो."

"त्यांना रुंदी हवीय. किती धरायची?"

"सात हात."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बोटीला दोन रुंद्या असतात. एक पोटातली, आतल्या बरगडीपासून समोरच्या बरगडीपर्यंत. दुसरी अंगाची, बाहेरून बाहेर. बोटवाला माणूस नुसतं 'सात हात' म्हणाला की ते पोटातलं. किती माणसं बसतील, जाळी किती मावतील, मासळी किती येईल, सगळा हिशेब पोटाचा. अंगाचं माप कोणी विचारत नाही. समुद्राला काय, कितीही रुंद बोट चालते.

ह्यांनी टेप काढला. "तुमचा हात द्या." मामांनी सदऱ्याची बाही वर केली आणि शिंप्यापुढे धरावा तसा हात पुढे धरला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ह्यांनी मोजलं, त्याला सातने गुणलं आणि वहीत लिहिलं. "वर अर्धा हात मोकळा ठेवायला सांगतो," हे म्हणाले.

"पुष्कळ झाला," मामा म्हणाले. त्यांना वाटलं, अंगाचं माप धरून त्यावर अर्धा हात. दहा वर्षं वाकस चालवलेल्या पोराला काय सांगायचं? आणि ह्यांना वाटलं, मोरीसाठी विचारलंय म्हणजे बाबांनी अंगाचंच सांगितलं.

मी चुलीपाशी होते. माझ्या जिभेवर तीन शब्द आले होते. पोटात की अंगात? इतकंच विचारायचं होतं. ह्यांना नाही तर मामांना विचारायचं. "मामा, पोटात की अंगात ते लिहून घ्यायला सांगा." आमच्या नियमातही ते बसत होतं. पण चहाचा पहिला घोट घेताना हे मामांना म्हणाले होते, "बाबा, काही लोकांना हल्ली साखर घालायचंही लक्षात राहत नाही." ते मला चांगलंच झोंबलं होतं. मी मनात म्हटलं, सगळं कळतं ना तुम्हाला, मग मापही कळत असेल. आणि डाव पातेल्याच्या काठावर खणकन आपटला.

मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ह्यांनी वही खिशात घातली, बूट चढवले आणि निघून गेले.

दुसऱ्या आठवड्यात मोरीचे साचे उभे राहिले. फळ्यांचे साचे, आत सळ्यांची जाळी. बारा दिवस ते साचे तसेच उभे होते. त्या बारा दिवसांत केव्हाही कोणी एक दोरी घेऊन गेलं असतं तर झालं असतं. मामा एकदा जाऊन बघून आले. "रुंद दिसतंय," म्हणाले. त्यांनी मोजलं नाही. दुसऱ्या कारागिराच्या कामावर हात टाकून माप घेणं त्यांच्या लेखी अपमान. कोणी त्यांच्या बोटीवर टेप लावला असता तर त्यांनी त्याला अंगणाबाहेर काढलं असतं.

काँक्रीट ओतलं त्या दिवशी हे घरी आले ते लंगडत. बुटात चुन्यासिमेंटचं पाणी गेलं होतं आणि दोन्ही पायांची कातडी सोललेली होती. दारात बसले आणि थेट मला म्हणाले, "तेल कुठे आहे गं?"

त्या एका 'गं'वर अबोला मोडला. मी तेल आणलं, पाय मांडीवर घेतले आणि जळलेल्या जागी बोटाने लावत राहिले. हे दात आवळून बसले होते. मग म्हणाले, "बोट पाण्यात जाईपर्यंत मी कुठे जात नाही. मग बघू." मला इतकं बरं वाटलं की मापबीप मी साफ विसरले. पोटही आणि अंगही.

पुढचे तीन महिने चांगले गेले. बांध चढत होता आणि बोटही चढत होती. दिवसभर डंपर माती ओतायचे, रोलर घरघरायचा आणि आमच्या ताटातल्या भातावर बारीक लाल धूळ बसायची. हळूहळू समुद्र दिसेनासा झाला. आधी वाळू गेली, मग लाटा, मग पाण्याची रेघ, शेवटी बांधावर नुसतं आभाळ उरलं. मामा अंगणातून मान उंच करून बघायचे आणि परत रंधा चालवायचे. "आवाज येतोय ना, मग झालं," म्हणायचे. पुढे वरती गाड्या सुरू झाल्या आणि तो आवाजही गेला.

बोट मात्र देखणी झाली. नाळ, म्हणजे पुढचं टोक, अशी उंच आणि नेटकी काढली होती की तांडेल तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून फळीवर तळहात फिरवत राहिला. जाताना म्हणाला, "मिस्त्री, माझ्या बापाच्या बोटीपेक्षा सरस झालीय."

"बाप ऐकत असेल तुझा," मामा म्हणाले, पण खूश झाले.

बोट न्यायची त्या सकाळी वीस माणसं आली. भरतीची वेळ धरून उजाडताच काम सुरू केलं. ओंडके टाकले, त्यांना चरबी चोपडली, दोर बांधले. मामा नाळेपाशी उलटे चालत होते, डावा हात वर करून. हे पाठीमागे खांदा लावून होते. त्या दिवशी ह्यांनी पिवळं टोपडं घरी ठेवलं होतं. मी माणसांसाठी पाण्याची कळशी घेऊन बाजूने चालत होते. बोट अंगणातून निघाली आणि मोरीच्या तोंडाशी आली. नाळ आत गेली. सावलीत गेल्यावर तिचा रंग एकदम गडद दिसायला लागला. पलीकडच्या तोंडातून समुद्राचा तुकडा चमकत होता. माणसं ओरडत होती, मोरीत तो ओरडा दुप्पट होऊन घुमत होता.

मग लाकूड करकरलं.

"थांबा!" मामा ओरडले. सगळे थांबले. मामांनी बोटीचं अंग आणि भिंत यांच्या मधे हात घालायचा प्रयत्न केला. हात जाईना. ते वाकून दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही जाईना.

बोट मागे घेतली. मामा म्हणाले, "रुळ काढा." रुळ म्हणजे बोटीच्या कडेला बाहेरून धक्का खायला ठोकलेली जाड पट्टी. दोन्ही बाजूंचे रुळ काढायला तासभर गेला. ते खिळे मामांनी स्वतः मारलेले होते, उपसून निघेपर्यंत ह्यांच्या हाताला फोड आला. पुन्हा ढकललं. पुन्हा त्याच जागी करकर.

मामांनी दोरी मागितली. आधी बोट मोजली, मग भिंत मोजली. दोन गाठींच्या मधे आपली बोटं ठेवून बघितली.

तांडेल बाजूला उभा होता. "किती कमी पडतंय?"

"दोन बोटं."

"म्हणजे दोन बोटांनी बोट अडली की हो!" तांडेल हसून म्हणाला. दोघेतिघे हसले. मग त्यांनी मामांच्या तोंडाकडे बघितलं.

मी तिथे उभी राहून मनात हिशेब केला. बरगड्या पाच-पाच बोटं, फळ्या दोन-दोन. झाली चौदा. हात म्हणजे चोवीस बोटं, अर्धा हात म्हणजे बारा. चौदातून बारा गेली. ह्यांनी त्याच क्षणी माझ्याकडे बघितलं. ह्यांचाही हिशेब झाला होता.

मग जे जे सुचलं ते ते केलं. बोट कलती करून बघितली, तर खालचा कणा एका भिंतीला आणि वरची कड छताला लागायला लागली. फळ्या तासाव्यात असं कोणी म्हणालं. दोन बोटं जाडीची फळी एका बोटावर आणायची आणि त्यात बसून माणसांनी समुद्रात जायचं? तांडेलानेच त्याला गप्प केलं. बांधावरून न्यावी तर दोन पुरुष उंच दगडी उतार, वर कठडा, मधे कठडा, पलीकडे पुन्हा कठडा. मोठा क्रेन इथे असेपर्यंत एका तासाचं काम होतं. पण क्रेन दोन महिन्यांपूर्वी रस्त्याबरोबर पुढच्या प्रांतात गेला होता.

ह्यांनी कुठून तरी छिन्नी-हातोडा आणला आणि भिंतीवर घाव घालायला सुरुवात केली. मोरी चाळीस पावलं लांब, भिंती दोन. वितभर जागेतला पोपडा उडाला आणि आत सळी दिसली. इतक्यात वरून कोणीतरी बघितलं असावं. साहेबांची जीप आली.

साहेब तरुण होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी ह्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. "भिंतीला हात लावायचा नाही. वर चार प्रांतांची वाहतूक आहे," ते म्हणाले. मग जीपमधून कागदांची चळत काढून एक पान उघडलं. "हे बघा. बोटीची रुंदी सात हात. वर अर्धा हात मोकळा. आम्ही दिलंय त्यात एका सुताचा फरक नाही. मोजून घ्या हवं तर. हे माप कोणी दिलं?"

कागदावर ह्यांची सही होती. साहेबांना ते दिसत होतं, तरी ते विचारत होते.

"मुकादम, तुमचं नाव मी पुढच्या टप्प्यासाठी पाठवलंय. तिथे अशा सात मोऱ्या आहेत. चुकीचं माप आणणारा माणूस मी कसा नेऊ?"

हे पुढे झाले. "साहेब, ते माप पोटातलं..."

"मी दिलं," मामा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. मामा मोरीच्या तोंडाशी उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ती दोन गाठींची दोरी.

"माप मी दिलं. माझंच चुकलं. वय झालं, मोजण्यात घोटाळा झाला. पोराने मी सांगितलं तेच लिहिलं. त्याचा काही दोष नाही."

तांडेल पुढे आला. "मिस्त्री, तुमचं माप चुकलं?" त्याला खरंच कळत नव्हतं.

"चुकलं."

वीस माणसं खाली वाळूकडे बघत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या बोटी मामांच्या हातच्या होत्या. चाळीस वर्षांत मामांनी एक फळी दोनदा कापली नव्हती. दुसरं कोणी त्यांचं माप चुकलं म्हणालं असतं तर त्यांनी त्याला उभं केलं नसतं. ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा म्हणाले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी कळशी काखेत धरून उभी होते. माझ्या तोंडून या वेळीही शब्द फुटला नाही. हे मला कायम लागून राहील.

बोट पुन्हा अंगणात आणली. बाहेर काढताना जी माणसं ओरडत होती, ती परत आणताना काही बोलली नाहीत.

दोन दिवसांनी तांडेल आला. पायरीवर बसला, चहा घेतला, बराच वेळ कप हातात फिरवत राहिला. "मिस्त्री, मला हंगाम घालवता येणार नाही. माझ्या माणसांची पोटं आहेत."

"मग?"

"फायबरची सांगितलीय."

"बरं केलंस," मामा म्हणाले. तेच शब्द त्यांनी मोरीची बातमी ऐकल्यावर वापरले होते.

घरात पुन्हा अबोला आला, पण या वेळी बाप-लेकांचा. भांडण असं काही झालंच नाही. हे समोर आले की मामा हत्यारांना धार लावायला बसायचे. हे दोनदा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि काही न बोलता परत फिरले. "बाबांना विचार, पाठ दुखतेय का," असं मला सांगायचे. "म्हणावं, नाही," असं मामा मला सांगायचे. टपालखातं आता माझ्याकडे आलं होतं.

आठव्या दिवशी ह्यांनी वळकटी बांधली. साहेबांनी नाव कायम ठेवलं होतं.

"चल," हे मला म्हणाले.

"अंगणात बोट आहे तोवर नाही."

"ती बोट आता कुठे जाणार आहे?"

"म्हणूनच."

ह्यांनी आत जाऊन मामांच्या पायांना हात लावला. मामांनी पाय मागे घेतले नाहीत आणि पाठीवर हातही ठेवला नाही. बांधाला आता पायऱ्या केल्या होत्या. हे त्या चढून वर गेले आणि जाणाऱ्या एका ट्रकने ह्यांना घेतलं. मी खालून बघत होते. कठड्यामुळे ह्यांचं डोकं तेवढं दिसलं.

महिन्याभराने त्याच रस्त्याने फायबरची बोट आली. लांब ट्रकवर पांढरीशुभ्र बोट, दुसऱ्या प्रांतात बनलेली. ट्रक बांधावर थांबला. तांडेलाची माणसं गोळा झाली, हलकी बोट त्यांनी हातांवर उचलून कठड्यापलीकडे घेतली आणि समुद्राकडच्या उतारावरून दोर लावून त्यांनी ती अर्ध्या तासात खाली सोडली. ओंडके लागले नाहीत, ओरडा नाही, काही नाही.

मामा म्हणाले, "बघून येऊ." मी त्यांचा दंड धरून पायऱ्या चढवल्या. पलीकडे वाळूवर बोट टेकली होती. तांडेल आम्हाला बघून अवघडला. "या मिस्त्री," म्हणाला आणि उगाच दोर गुंडाळायला लागला. मामांनी बोटीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. मग ते कडेवरून आत वाकले, कोपर टेकवलं आणि हाताने मोजत मोजत समोरच्या कडेपर्यंत गेले. दुसऱ्याचं काम न मोजणारा माणूस.

"साडेपाच," मामा मला म्हणाले.

"पोटात?" मी विचारलं.

शब्द तोंडून गेला आणि मग मला कळलं की तो कोणता शब्द आहे. मामा वाकलेले होते, ते सावकाश सरळ झाले. माझ्याकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "पोटात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोट उकलायला घेतली. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. वरच्या फळीपासून सुरुवात केली. लाकूड फाटू नये म्हणून प्रत्येक खिळ्याच्या डोक्याभोवती पटाशीने थोडं कोरायचं, मग पकडीत धरून हलवत हलवत उपसायचा. मी दगडावर खिळे ठोकून सरळ करत बसले. फटींतून मीच ठासलेला काथ्या लांब दोऱ्यासारखा बाहेर येत होता. अजून ओला होता, राळेचा वास मारत होता. तो ओढताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मामा," मी म्हटलं. "त्या दिवशी चुलीपाशी मला कळलं होतं. पोटातलं माप लिहिलं जातंय ते."

खिळा अर्धा बाहेर आला होता. त्यांनी तो पूर्ण काढला आणि माझ्यापुढे टाकला.

"माहीत आहे. तू डाव आपटलास."

"मग तुम्ही..."

"मला वाटलं, साखरेवरून आपटलास. मी मनात म्हटलं, आधी ह्या दोघांचं मिटू दे." त्यांनी पुढच्या खिळ्याभोवती कोरायला घेतलं. "मीही विचारायला हवं होतं. काय आपटलंस म्हणून."

मी खिळे ठोकत राहिले. वरून एकामागून एक ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर अंगणातली उकललेली फळी बारीक थरथरत होती.

अर्धी बोट उकलून झाली होती तेव्हाची गोष्ट. ह्यांचा फोन रोज दुपारच्या सुट्टीत यायचा. त्या दुपारी आवाज वेगळा होता.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत."

"ऐक ना. इथे पहिल्या मोरीचं माप घ्यायचं होतं. इथेही एक बोटवाला आहे. म्हातारा. त्याने सांगितलं, आठ हात. मी विचारलं, पोटात की अंगात? तर तो हसायला लागला. म्हणाला, तू आमच्यातला दिसतोस." पलीकडून रोलरची घरघर ऐकू येत होती. "बाबांना सांग एवढं."

मी फोन छातीशी धरला आणि मामांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. मग पकड खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणावं, अंगाचं माप रुळासकट लिही. रुळ विसरू नको."

मी ते फोनवर सांगितलं. ह्यांचा श्वास मोठ्याने ऐकू आला. दोन महिन्यांत बापाचा पहिला निरोप.

"आणि म्हणावं," मामा म्हणाले, "माप घेण्याआधी तेवढं बघ, त्या घरात कोणाचा अबोला तर चालू नाही ना."

मी फोन धरून तशीच उभी राहिले. मामांनी पुढच्या खिळ्याला पकड लावली होती. हे तिकडून विचारत होते, "काय म्हणाले? आणखी काय म्हणाले बाबा?"

हे सांगायचं तर डावाचंही सांगावं लागणार होतं आणि त्या तीन शब्दांचंही. मी अंगणातली बोट बघितली. तिच्या बरगड्यांमधून आता पलीकडची मोरी दिसत होती आणि मोरीतून समुद्राचा तो तुकडा.

"थांबा," मी म्हटलं. "सांगते."

आणि मी सांगायला सुरुवात केली.